दादाची गाडी वळणावर अडते

माझा दादा घड्याळजी आहे. वय एकसष्ट. चाळीस वर्षं तो उजव्या डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करतोय, आणि गेली दोन वर्षं संध्याकाळी कानाला हेडफोन लावून शर्यतीच्या गाड्या चालवतोय. कॉम्प्युटरवर. लोक हसतात म्हणून हे मी कुणाला सांगत नसे. पण मधल्या एका आठवड्यात या खेळापायी आमच्या घरात जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं त्याच्या लेकीने. माझी ही भाची दुसऱ्या शहरात इंजिनीयर आहे, पूल बांधते. वहिनी गेल्यावर ती रोज फोन करायची आणि बापलेक "जेवलास का?", "हो, तू?" एवढ्यावर गप्प व्हायचे. मला ते ऐकवत नसे. मग तिने आपला जुना लॅपटॉप पाठवून त्याला गाडी चालवायला शिकवलं. आता दोघं एका गाडीचे दोन चालक असतात. अर्धी शर्यत तिची, अर्धी त्याची, आणि ब्रेक कधी दाबायचा यावरून पूर्ण शर्यतभर भांडण. माझा भाऊ इतका बोलतो हे मला त्याच्या साठीत कळलं.

गेल्या महिन्यात लॅपटॉपने मान टाकली. दुसरा कुणी असता तर दुकानात जाऊन नवा घेऊन आला असता. आमचे बंधुराज म्हणाले, "मी जुळवतो." सुटे भाग आले. जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं पसरलं गेलं, चिमटे, ब्रश, बारीक पेचकस ओळीने मांडले गेले, आणि चार दिवस आम्ही दोघं भावंडं ओट्याशी उभं राहून जेवलो. फडक्याजवळ शिंकायचीसुद्धा मला चोरी होती. पाचव्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला. आतल्या वायरी इतक्या नीट बांधल्या होत्या की वेणी घातल्यासारख्या दिसत होत्या. दादाची छाती अशी फुगली की शर्टाच्या बटणांची मला काळजी वाटली.

पण खेळ काही धड चालेना. पहिली चार-पाच मिनिटं झकास. मग चित्र अडखळायला लागायचं. गाडी वळणाशी यायची, चित्र थबकायचं, आणि पुन्हा हलायचं तेव्हा गाडी भिंतीत. एका रविवारी सरावाच्या शर्यतीत भाचीने गाडी सहाव्या नंबरावर आणून त्याच्या हाती दिली. त्याने ती तिसऱ्याच वळणावर भिंतीला भेटवली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दमलास का? म्हणजे हात जरा सावकाश झालेत का?"

"चित्र अडकतंय गं."

"अडकत असेल. पण पुढच्या रविवारच्या मोठ्या शर्यतीला जोडीदाराचं नाव शनिवारी सहापर्यंत द्यायचंय. माझ्या ऑफिसातला एकजण तयार आहे. तुला झेपत नसेल तर सांग हं, वाईट नको वाटून घेऊस."

"नाही गं, वाईट कशाला वाटेल?" दादा म्हणाला, आणि उठून धुतलेला कप पुन्हा धुवायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले, तर हा उजवा हात काचेच्या कपाटावर पसरून, डोळ्याला भिंग लावून आपल्याच बोटांकडे बघत बसलेला. मी विचारलं तर आधी ताकास तूर लागू देईना. मग डबा उघडता उघडता म्हणाला, "मागच्या आठवड्यात चिमट्यातून एक स्क्रू पडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

"माझ्या हातून रोज काहीतरी पडतं."

"तू केक करतेस. केकमध्ये पडलं तर सजावट म्हणून खपतं." मग जेवण बाजूला सारून म्हणाला, "खेळ गेला खड्ड्यात. पण मशीन ठणठणीत असेल आणि माझेच हात गेले असतील, तर मी या खुर्चीत कशाला बसायचं?"

बेकरीत तीस वर्षं केकवर नावं लिहितेय मी; हाताचं भय म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. त्याला मात्र मी म्हटलं, "आधी मशीन तपास. माणसाचं नंतर बघू."

मग तो हट्टाला पेटला. दुकानातून आला की चहासुद्धा उभ्यानेच प्यायचा. इंटरनेट तपासलं, ते बरोबर. पडद्याची वायर भलत्याच ठिकाणी नाही ना ते पाहिलं, नव्हती. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून परत बसवल्या. खेळातली झाडं कमी केली, सावल्या काढल्या, प्रेक्षक घालवले. गाडी उजाड माळावरून धावू लागली आणि तरीही वळणावर अडखळू लागली. चौथ्या दिवशी त्याने ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर नव्याने घातलं. पाचव्या दिवशी तो मशीनला हातही न लावता झोपायला गेला, आणि ते मला जास्त लागलं.

शनिवारी दुपारी मी बेकरीतून आले. दादा कॉम्प्युटरची बाजूची काच काढून बसला होता. पडद्यावर खेळ चालू, कोपऱ्यात आकडे.

"हा अठ्ठ्याण्णव कसला?" मी विचारलं.

"प्रोसेसरचं तापमान. म्हणजे मुख्य चिपचं. खोटं आहे ते."

"खोटं कशावरून?"

"हात लावून बघ की." चिपवर पत्र्यांची एक जुडी असते, वर पंखा. चिपची उष्णता ती जुडी ओढून घेते आणि पंखा उडवून लावतो. मी बोट लावलं. गार. "बघ," तो म्हणाला, "आकडा चुकू शकतो, माझं बोट नाही चुकत."

आता भट्टीपुढे माझी हयात गेली. मी म्हटलं, "दादा, भट्टीचा काटा तापली म्हणतोय आणि वरचा पत्रा गार लागतोय, तर आम्ही काटा फेकून देत नाही. उष्णता आतच अडकलीय असं समजतो. तुझी ही जुडी तापायला हवी ना? मग ती गार का?"

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग जुडीकडे. मशीन बंद केलं, चार स्क्रू सोडवले आणि जुडी उचलली. चिपच्या बरोब्बर मध्यावर एक करडा ठिपका होता. मसुराच्या डाळीएवढा. बाकी चिप कोरीच.

"हे काय आहे?"

"मलम. चिप आणि जुडी यांच्यामध्ये लावायचं. उष्णता त्यातून वर जाते. ती अडली की चिप तापते आणि मंदावते, मग चित्र अडखळतं."

"एवढंसं?"

"राईएवढं लावलं होतं. दाबून एवढं झालं."

"कशाने लावलंस?"

तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तेलाच्या सुईने."

मी जे हसायला लागले ते मला थांबताच येईना. घड्याळात तेल घालायची त्याची सुई केसाएवढी असते. तिच्या टोकावर जो थेंब राहतो तो मला चष्मा लावूनही दिसत नाही. जास्त झालं तर तेल पसरतं, धूळ धरतं, घड्याळ बंद पडतं. हे त्याने चाळीस वर्षं बोटांना शिकवलेलं. बोटांनी ते इमानेइतबारे पाळलं होतं. मलमाची नळी भरलेलीच होती. "वीस कॉम्प्युटर होतील एवढ्यात," असं तो मला कौतुकाने म्हणालाही होता.

त्याने स्पिरिट आणि मऊ फडक्याने दोन्ही बाजू लख्ख पुसल्या. नळी हातात घेतली, टोकाशी रेघेएवढं मलम आणलं आणि थांबला. पुन्हा दाबायला गेला, पुन्हा थांबला. "होत नाही गं," तो म्हणाला. "हात दाबतच नाही."

"आण इकडे." केकवर क्रीमचं फूल काढतात तसं मी चिपवर वाटाण्याएवढं मलम सोडलं. दादाने डोळे मिटून घेतले होते. मग त्याने जुडी ठेवली, स्क्रू एकेक फेरा आळीपाळीने आवळले, आणि खेळ सुरू केला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. आकडा पासष्टावर बसून राहिला आणि जुडी चांगली कोमट लागायला लागली. वळणं आली आणि गेली. गाडी एकदाही अडखळली नाही.

सहाला दहा मिनिटं असताना त्याने लेकीला फोन लावला. "दोष सापडला. चूक माझ्या हाताचीच होती. पण म्हातारपणाची नव्हे, सवयीची. माझं नाव दे!" तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिने नाव दिलं.

रविवारी सकाळी दहाला शर्यत. मी बेकरीत सांगूनच ठेवलं होतं की आज येणार नाही. भाचीने गाडी आठव्या नंबरावर आणून दिली. दादाने ती अर्धा तास छान सांभाळली, एकाला मागेही टाकलं. आणि एका लांबलचक उताराच्या शेवटी गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली.

तिकडून भाची ओरडली, ते मला त्याच्या हेडफोनमधूनही ऐकू आलं, "बाबा! काय झालं? परत चित्र अडकलं का?"

"छे, छे! चित्र एकदम पाण्यासारखं चाललंय," दादा म्हणाला. "ब्रेक उशिरा दाबला मी. मीच चुकलो!"

आणि तो इतका मनापासून हसला, की आधी ती हसायला लागली आणि मग मी. वीस गाड्यांत त्यांचा नंबर तेरावा आला. दुपारी जेवताना तो तीनदा म्हणाला, "सरळसरळ माझीच चूक होती बरं का." आठवडाभर ज्या शंकेने त्याला खाल्लं होतं, ती गेली होती. आता तो लोकांसारखा बिनधास्त चुकू शकत होता.