पंधरा दिवसांची ताठ चाल

मुलगी बघायला जायच्या पंधरा दिवस आधी मी माझी चाल बदलली. चूक एवढीच, आणि तीही पूर्णपणे माझी.

तोपर्यंत आपल्याला काही चाल आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कुंभार पिंपळगावला प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आणि माझ्या आधी आमच्या घराण्यात जे कोणी झाले ते सगळे मेंढरांमागं चालणारे. मुलीकडं जायचं म्हणून टेरिकॉटचा शर्ट शिवायला टाकला. शिंप्यानं खांद्याला टेप लावली आणि तो थांबला.

"गुरुजी, सीधे खडे रहो."

"सीधाच उभा हाय की."

त्यानं मला एकदा समोरून, एकदा बाजूनं पाहिलं. "मंग पाठीला कपडा जास्ती लगेगा," असं म्हणून त्यानं माप लिहून घेतलं.

ते माप डोक्यातून जाईना. खोलीतला आरसा तोंडापुरता होता, म्हणून दिवस कलल्यावर शाळेच्या भिंतीकडेनं स्वतःची सावली बघत चाललो. मान पुढं, खांदे पडलेले, हात मागं बांधलेले, नजर जमिनीवर. हुबेहूब माझा बाप. पण बाप तसा चालायचा कारण त्याच्यापुढं शंभर मेंढरं असायची आणि वाटेत काटे. माझ्यापुढं काहीच नव्हतं. मी बिनमेंढरांचा धनगर होतो, पगारी.

दुसऱ्या दिवशीच सुधारणा सुरू केली. छाती पुढं, हनुवटी वर, हात मोकळे. कवायत मी पोरांकडून रोज करून घेत होतोच. स्वतः करायची वेळ कधी आली नव्हती. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कुठल्या पायाबरोबर कुठला हात जातो, असा प्रश्न पडला, आणि चालताना प्रश्न पडला की संपलंच. उजवा पाय निघाला की उजवा हातही त्याच्या सोबतीला निघू लागला. नजर वर असल्यामुळं वाटेवरचे सगळे बाभळीचे काटे माझ्याच वाट्याला आले. रस्त्याकडेला बसणारा एक म्हातारा रोज विचारायचा, "गुरुजी, उसण भरली का पाठीत?"

"न्हाई बाबा, व्यायाम करून राह्यलो."

"असंल. पण शेकून घ्या."

ठरल्या दिवशी मुलीच्या गावी, आष्टीला, आम्ही तिघं गेलो: वडील, मामा आणि मी. शिंप्यानं शर्ट वाकलेल्या माणसाच्या मापानं चोख शिवला होता. मी मात्र आता ताठ झालो होतो. त्यामुळं तो पुढून बेंबी दाखवायचा आणि मागून लोंबायचा. एका हातानं तो खाली ओढतच मी त्यांच्या अंगणात शिरलो.

मुलगी पाणी घेऊन आली. मामांनी रीतीप्रमाणं सांगितलं, "चालून दाखव बरं पोरी, त्या लिंबापस्तोर." मुलीच्या पायात काही खोट आहे का ते बघायची ही रीत. जनावराच्या बाजारात करतो तसंच आपण करतोय, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात येत नसे. ती लिंबापर्यंत गेली आणि परत आली. जे मी पंधरा दिवस शोधत होतो ते तिच्या पायात आयतं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. लग्न करायचं तर हिच्याशीच, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली मुलीची आत्या म्हणाली, "आमची चालली. आता तुमच्या पोराला चालू द्या."

मामा हसले. आत्या हसली नाही. "आत येताना पायलं मी. कायतरी बिघाड हाय."

मी उठलो. उजवा पाय, उजवा हात. डावा पाय, डावा हात. लिंबापाशी वळताना दोन्ही हात एकदमच पुढं आले.

वडील घाबरले. "असा न्हाई हो चालत तो. दिवाळीला घरी आल्ता तवा बिलकुल चांगला होता."

मुलीकडच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. म्हणजे दुखणं नवंच होतं.

नीट चाल, असं वडील डोळ्यांनी खुणावत होते. माझीही ना नव्हती. मी जुनी चाल आठवू लागलो. हात मागं बांधले, मान पुढं काढली, पण आता तीही कवायत झाली होती. नवी अंगी लागली नव्हती आणि जुनी सापडेना. मुलगी दाराआडून बघत होती. स्थळ हातातून चाललं होतं, आणि ते माझ्यापेक्षा सरळ चाललं होतं.

आत्या उठली. ओट्याशी पाय दुखावलेली एक मेंढी बसली होती. "गुरुजी, ही तेवढी मागच्या वाडग्यात मेंढरांत नेऊन सोडा."

"पाव्हण्याला काम सांगता?" मामा म्हणाले.

"काम न्हाई. बघून राह्यले."

मी मेंढी उचलून मानेवर टाकली, तिचे पाय छातीशी धरले आणि निघालो. मान आपोआप पुढं गेली, नजर खाली वळली. हातांना धरायला काहीतरी मिळालं, पाय आपापले पडू लागले. कुठला आधी, हे विचारायला मला सवडच नव्हती.

वाडग्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागून आत्याचा आवाज आला. ती तिच्या भावाला, मुलीच्या वडलांना, सांगत होती.

"मोकळा सोडला की बिघडतो. ओझ्याखाली बराबर चालतो. द्या पोरगी."