तिसऱ्या खणावरचं कुंकू

मी चौथी नापास माणूस. सही येते, एसटीची पाटी वाचता येते, पेपर ओळीवर बोट ठेवून वाचतो. पण दिवे वाचण्यात माझा हात धरणारा आमच्या दवाखान्यात कुणी नव्हता, डॉक्टरला धरून. हे मी फुशारकीनं लिहितोय हे मला कळतं. पुढं जे सांगायचंय ते या फुशारकीशिवाय समजणार नाही.

साखर कारखान्यात बॉयलरवर माझी उमर गेली. काचेच्या नळीत पाणी कुठवर आहे आणि पॅनेलवरचा कुठला दिवा लाल झाला, एवढ्यावर तिथं माणसांचा जीव असायचा. रिटायर झाल्यावर घरी करमेना. राहुरीच्या अंगाला एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथं शिपाई म्हणून लागलो. तिथं लहानथोर सगळे मला मामा म्हणायचे.

एक्स-रेच्या मागं पूर्वी चादरी ठेवायची एक खोली होती. तिच्यात एसी बसवला आणि सर्व्हर ठेवला. एक्स-रेची फिल्म छापणं बंद झालं. पेशंटच्या छातीचा, हाडाचा जो फोटो निघेल तो सगळा त्या पेटीत जायचा आणि डॉक्टर आपल्या टेबलावर बघायचे. खोलीची किल्ली माझ्या कमरेला.

सर्व्हर बघायला नगरहून एक इंजिनीयर यायचा. चाळिशी उलटलेला, मोटारसायकलवर, डोक्याला कायम रुमाल. त्यानं मला पहिल्याच दिवशी समोर बसवून शिकवलं.

"मामा, हे चार खण. प्रत्येकात एक डिस्क. प्रत्येक खणाला दोन दिवे. खालचा लुकलुकतोय ना, म्हणजे डिस्क काम करतीय. वरचा गप हिरवा राहिला पाहिजे. वरचा नारिंगी झाला की ती डिस्क गेली समजा."

"एक गेली म्हंजे सगळं गेलं?"

"नाही. चारातली एक गेली तर बाकीच्या तिघी तिचं ओझं ओढतात. पण त्या तिघींतली एक गेली, की मग मी येऊन पण काही उपयोग नाही. म्हणून पहिली गेली की लगेच बदलायची."

"आमच्या बैलापरीस बरं की. दोनातला एक बसला की औत जाग्यावर."

तो हसला. पण मी ते डोक्यात पक्कं बसवलं. मागच्या बाजूला वीज घेणारे दोन डबे असतात, त्यांचेही दिवे शिकलो. एकदा त्यातला एक नारिंगी झाला, तर मी कुणाला न विचारता वायर हातानं चाचपत गेलो. झाडणाऱ्या बाईच्या खराट्यानं ती अर्धी निघाली होती. दाबली, हिरवा झाला.

एका उन्हाळ्यात दुसऱ्या खणाचा वरचा दिवा नारिंगी झाला आणि पेटीनं शिट्टी धरली. एकसारखी, कानात जाणारी. इंजिनीयर श्रीगोंद्याला दुसऱ्या कामात अडकलेला. फोनवर म्हणाला, "कपाटात नवी डिस्क आहे. नारिंगी दिव्याचाच खण ओढा मामा. दुसऱ्याला हातसुद्धा लावू नका." मी ओढला, नवी घातली, खट आवाज येईपर्यंत दाबली. खालचा दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकायला लागला. चारच्या चहापर्यंत वरचा हिरवा झाला. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "आज मामांनी दवाखाना वाचवला."

घरी जाऊन मी हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "आता दाराला पाटी लावा. दिव्यांचे डॉक्टर. पण आधी आपल्या मोरीतला बल्ब बदला."

पुढच्या खेपेला इंजिनीयर आला तेव्हा रिसेप्शनवरच्या बाईनं शिट्टीची तक्रार केली. पेशंट घाबरतात म्हणाली. इंजिनीयर का कू करत होता. मीच म्हणालो, "करा बंद. मी हाय ना रोज बघायला. मला काय शिट्टी लागती व्हय?"

त्यानं बंद केली. म्हणाला, "मग मामा, तुमच्यावर हां."

"माझ्यावर," मी म्हणालो.

मग दसरा आला. कारखान्यात आम्ही बॉयलरची, हातोड्या-पान्यांची पूजा करायचो. ज्याच्यावर पोट आहे त्याला त्या दिवशी हात जोडायचे, ही आमची रीत. दवाखान्यात ॲम्ब्युलन्सला हार, एक्स-रेला हार. सर्व्हर माझा, म्हणून त्याची पूजा मी. बायकोनं सकाळी आपल्या करंड्यातलं कुंकू कागदाच्या पुडीत बांधून दिलं. मी ते पाण्यात कालवून घट्ट केलं. झेंडूचा हार पेटीच्या वरून आडवा सोडला, त्यात काहीही बिघडलं की लाल होणारा कोपऱ्यातला मोठा दिवा झाकला गेला. मग चारी खणांना बोटानं कुंकू लावलं. कुठं लावलं? वर. माणसाला कपाळावर लावतो तसं. नेमकं वरच्या दिव्यांवर.

रिसेप्शनच्या बाईनं दारातून पाहिलं. "मामा, दिवे बुजले की हो."

"खालचे दिसत्यात."

"उद्या पुसून टाका मग."

"सवाशिणीच्या करंड्यातलं हाय ते. लावलेलं कुंकू पुसत न्हाईत. झडंल आपसूक."

ते झडलं नाही. त्या थंड खोलीत वाळून खडा झालं. हार सुकला, तोही मी दिवाळी झाली तरी काढला नाही, कारण आम्ही काढत नाही.

आता जे लिहितो ते मी बरेच महिने कुणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आधी एका सकाळी मी खोली उघडली, तर तिसऱ्या खणाचा खालचा दिवा लुकलुकत नव्हता. मी पाहिलं. उभा राहून पाहिलं. मनात आलं, काम नसंल त्याला. डिस्क गेली असती तर वरचा नारिंगी झाला असता, आणि तो झाला असता तर मला दिसला असता. असं मनाला सांगून मी कुलूप लावलं. वरचा दिवा माझ्याच बोटानं बुजवलेला होता. नखानं खरवडायला किती वेळ लागला असता? पण पुसायचं नसतं असं मी एकदा बोलून बसलो होतो, आणि बोललेलं मागं घ्यायची मला सवय नव्हती.

दिवाळी झाली आणि बायकोचा खोकला थांबेना. रात्रंदिवस नाही, पण बोलता बोलता यायचा. मी तिला दवाखान्यात आणलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. उजव्या बाजूला एक डाग.

"मामी, दोन वर्षांपूर्वी इथं फोटो काढला होता ना तुमचा?"

"काढला हुता. तवा म्हणले, जुना व्रण हाय, काय न्हाई."

"तो फोटो शेजारी ठेवून बघतो. डाग तेवढाच असेल तर निवांत राहा. वाढला असेल तर पुढचं बघावं लागेल." त्यांनी कीबोर्डवर बरीच दाबादाबी केली. "आज सिस्टीम फार हळू चाललीय. उद्या सकाळी या."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "तुमची पेटी पण माझ्यासारखीच दमली वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालचे चारी दिवे थिजलेले होते. पंख्यांचा आवाज चालू, पडद्यावर काही नाही. इंजिनीयर तासाभरात आला. त्यानं हार बाजूला केला. खणांवरचं कुंकू बघितलं, आणि खिशातल्या किल्लीच्या टोकानं एकेक खण खरवडायला लागला. दुसरा, चौथा हिरवे. पहिला नारिंगी. तिसरा नारिंगी. त्यानं आपला लॅपटॉप जोडून काहीतरी वाचलं.

"पहिली रात्रीत गेलीय," तो हळू म्हणाला. "तिसरी दिवाळीच्या आधीच गेली होती, मामा."

किल्लीच्या टोकाला लाल भुगा लागलेला. त्यानं तो पँटीला पुसला.

डॉक्टरांनी विचारलं, दुसरीकडं कॉपी असेल ना? होती. पण कॉपीची डिस्क उन्हाळ्यातच जळून गेली होती आणि ती बदलायची त्याच्याकडून राहिली होती. ते त्यानं कबूल केलं. ट्रस्टच्या लोकांनी त्याला वाटेल तसं बोलून काम काढून घेतलं. कुंकवाचा एक शब्द त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. चूक त्याचीच आहे असं चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, तेव्हा मी मान हलवायचो.

जाण्याआधी त्यानं त्या दोन डिस्का पुण्याला पाठवल्या. तिथं मेलेल्या डिस्कमधून फोटो काढून देणारे असतात म्हणाला, वेळ लागेल, खात्री नाही.

डॉक्टर म्हणाले, "मामा, वाट बघू नका. नगरला नेऊन सुई घालून तुकडा तपासा."

बायको तयार होती. "टोचायची तर टोचू द्या एकदाची. मला काय सुईचं भ्या न्हाई."

मी म्हणालो, "फोटो येतोय पुण्याहून. जुनाच डाग हाय. उगं कशाला शरीर भोसकून घ्यायचं?"

"आन् न्हाई आला तर?"

"येतोय म्हणलं ना."

मला तो फोटो यायलाच हवा होता. तिच्यासाठी हवा होता हे खरं. पण फोटो आला असता तर माझ्या हातून काही गेलं नाही असंही झालं असतं, हे त्याहून खरं. त्या दोन गोष्टी मी तेव्हा वेगळ्या केल्या नाहीत. तिचा भाऊ काष्टीहून आला, दोन दिवस राहिला, मला समजावून थकला. जाताना तिला म्हणाला, "तुझा नवरा दगड हाय." ती म्हणाली, "पायरीचा हाय म्हणून टिकलाय."

संक्रांत होऊन गेली तेव्हा पुण्याहून खोकं परत आलं. काही निघालं नाही. तोवर तिच्या पाठीत दुखायला लागलं होतं. मग मी नगरला नेलं, शेजाऱ्याच्या टेम्पोतून, तिला मागं गादीवर निजवून. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं नवा फोटो लावला. मला त्यातलं काही वाचता येत नाही, पण डाग आता बोटानं दाखवावा लागला नाही.

"आधी कधी कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या टायमाला."

त्यांनी ते लिहून घेतलं. लिहून झाल्यावरही मान वर केली नाही.

उन्हाळा लागला तशी ती खाटेवरून उठेनाशी झाली. एका दुपारी बाहेर ऊस वाहणारे ट्रॅक्टर बंद झाले होते, गाव सुन्न होतं. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. कुंकू, तिसरा खण, बंद केलेली शिट्टी, मी पाहूनही लावलेलं कुलूप. बोलताना मी भिंतीकडं बघत होतो.

ती म्हणाली, "मला ठावं हाय."

"कसं?"

"रिसेप्शनवाली आल्ती की मागं, मला बघायला. तिनं कुंकवाचं सांगितलं. बाकी मी वळखलं."

"कवा?"

"फोटोची वाट बघत हुतो तवा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगता का, बघत हुते." तिला खोकला आला. मी तांब्या तोंडाशी धरला. दोन घोट घेऊन तिनं तो माझ्या हातात परत दिला. "लई येळ लावला."

एवढंच. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तर देता येतं. तिनं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. नंतर जे पंधरा-वीस दिवस गेले त्यात ती माझ्याशी नीट बोलली. म्हशीचं बघा, सुनेवर ओरडू नका, असलं. दिव्यांवरून मात्र तिनं मला पुन्हा कधी चिडवलं नाही.

तेराव्यानंतर मी डॉक्टरांकडं गेलो आणि उभ्यानं सांगितलं, सर्व्हरची चूक त्या इंजिनीयरच्या एकट्याची नव्हती, माझीही होती. ते म्हणाले, "जाऊ द्या मामा, आता काय." मी म्हणालो, "त्याला परत बोलवा." ट्रस्टनं दुसऱ्याला काम दिलं होतं. मी त्याला फोन केला. त्यानं उचलला, मामीचं ऐकलं म्हणाला, वाईट वाटलं म्हणाला. मी माझं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला, "मामा, गाडी चालवतोय, नंतर बोलतो." त्याचा फोन आला नाही. मीही परत लावला नाही.

यंदाच्या दसऱ्याला खोलीत नवी पेटी होती. तिला सहा खण. सहा वर, सहा खाली, बारा दिवे. रिसेप्शनच्या बाईनं झेंडूची फुलं आणून माझ्या हातात दिली आणि कुंकू कुठंय असं विचारलं नाही. घरी करंडा तसाच फळीवर आहे, अर्धा भरलेला. मी फुलं पेटीपासून हातभर लांब, खाली फरशीवर ठेवली. हात जोडले.

मग बाहेर येऊन तिला नव्या इंजिनीयरला फोन लावून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, काय बिघडलंय का?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "हिची शिट्टी बंद ठेवलीय तुमी. ती चालू करा."

"तुम्ही आहात की रोज बघायला. सगळे सांगतात, मामांना दिव्यांचं सगळं कळतं."

"चालू करा," मी म्हणालो. "माझ्यावर ठिवू नका."