लालीबाईचं गाणं खाली कसं आलं

घाटंजीत बसस्टँडच्या बाजूच्या गल्लीत कपिल भोयरचं मोबाईलचं दुकान आहे. दुकान कसलं, सहा बाय आठची खोली. रिचार्ज, कव्हर, चार्जर, फुटलेल्या काचा बदलणं आणि गाणी भरून देणं. आता तुम्ही म्हणाल, आजकाल गाणी कोण भरून घेतं, सगळं तर नेटवर फुकट मिळतं! मिळतं हो. पण शेतात गेल्यावर ते नेट कुठं जातं, हे एकदा ट्रॅक्टरवाल्याला विचारा. ऑटोवाले, ट्रॅक्टरवाले, पिठाच्या गिरणीवाला, कापूस वेचताना झाडाच्या फांदीला लहानसा स्पीकर टांगणाऱ्या बाया, या सगळ्यांना अजून पेनड्राईव्ह लागतो नाहीतर मेमरी कार्ड लागतं. आणि ते भरून द्यायला कपिलच लागतो.

पण कपिलचं नाव झालं ते त्याच्या बोर्डामुळे. दुकानाबाहेर काळा रंग दिलेली एक प्लायवूडची फळी, तिच्यावर खडूनं लिहिलेलं 'या हप्त्याचे टॉप टेन'. दर बाजाराच्या दिवशी सकाळी तो ती फळी पुसायचा आणि नव्यानं लिहायचा. त्याचा हिशेब सरळ होता. कोणी नाव घेऊन गाणं मागितलं की वहीत त्या गाण्यापुढे एक रेघ. 'टाकून दे काहीबी चांगलं' म्हणणाऱ्यांची रेघ नाही. आठ वर्षं हा उद्योग चालला होता. एकदा निवडणुकीत एका उमेदवाराचा माणूस पेढ्यांचा डबा घेऊन आला, आमचं प्रचाराचं गाणं एक नंबरवर टाका म्हणून. कपिलनं पेढा खाल्ला आणि सांगितलं, "बोर्डावर खोटं चालत नाई बावा." लोकांचा त्या फळीवर पेपरापेक्षा जास्त भरवसा होता.

गाणी वर का टिकत नाहीत, यावर तर कपिल तासभर बोलायचा. समोर स्टुलावर बसलेल्या माणसाला सुटका नसायची. "गाणं एक नंबरवर गेलं का समजाचं, त्याचे दिवस भरले," तो डॉक्टरच्या थाटात सांगायचा. "ज्याले पाह्यजे होतं त्यानं नेलं. तो पुन्हा मांगाले येईन कायले? माह्या वहीत मांगणारे येतात, आयकणारे नाई येत. आन् मंग लग्नात तेच, ऑटोत तेच, हळदीत तेच. कान भरते ना माणसाचा!" तीन हप्ते, फार तर चार. आठ वर्षांत पाचवा हप्ता एकाही गाण्यानं पाहिला नव्हता.

तो पाहिला लालीबाईच्या गाण्यानं.

लालीबाई नऊ किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातली. वय पन्नाशीच्या आतलं, नवरा हिरासिंग, चार एकर कापूस आणि तूर, आणि बबिता नावाची एकच मुलगी. ही बबिता नर्सिंग शिकायला यवतमाळला होस्टेलवर गेली, तेव्हा कापूस वेचता वेचता लालीबाईनं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, एक गाणं जुळवलं. चाल ढावलोची. ढावलो म्हणजे बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणते ते गाणं. आईनं ते लेकीला लग्नाआधी शिकवायचं असतं, आणि निघायच्या वेळी लेकीनं म्हटलं की आईनंही, त्यांच्या बोलीत याडीनंही, गाऊनच उत्तर द्यायचं असतं. लालीबाईच्या गाण्यात मोठं काहीच नव्हतं. तू गेलीस, आता भाकरी दोनच कमी लागतात, पण पीठ मी अजून तेवढंच काढते, पोरी, हात ऐकत नाही. एवढंच.

मागच्या हिवाळ्यात हिरासिंग मेमरी कार्ड भरायला आला, तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर बसून हेच गुणगुणत होती. कपिलचा हात माऊसवर थांबला. "मावशी, हे कोणाचं हो?" लालीबाई लाजली, तोंडाला पदर लावला. शेवटी हिरासिंगनं बळेच गायला लावलं आणि कपिलनं आपल्या मोबाईलवर ते उतरवून घेतलं. ढोल नाही, पेटी नाही, साडेतीन मिनिटं नुसता आवाज.

पहिल्या बाजारी सातव्या नंबरवर आलं. तिसऱ्या बाजारी एक नंबर! तांड्यांतून तर मागणी होतीच, पण गोरबोलीचा एक शब्द न समजणारे लोकही मागायला लागले. आणि गंमत अशी, की नेलेली माणसंच परत यायची. बहिणीला पाठवायचंय. सुनेच्या माहेरी पाहिजे. लांबच्या मारेगावहून एक म्हातारा फक्त तेवढ्यासाठी आला. कपिलचं सगळं शास्त्र त्या बाईनं पायरीवर बसल्या बसल्या मोडीत काढलं.

लालीबाईला वाचता येत नव्हतं. पण दर बाजारी ती पिशवी घेऊन आधी बोर्डापाशी यायची, वरच्या ओळीतले आपल्या नावाचे दोन 'ल' पाहायची, कोणी पाहत नाहीसं बघून हसायची, आणि मग मिरची घ्यायला जायची. तांड्यात बायांनी तिला घरी बोलावून गायला लावलं. आयुष्यभर 'हिरासिंगची बायको' असलेल्या बाईला लोक 'गाणेवाली लालीबाई' म्हणायला लागले.

एक नंबरवर असे सहा बाजार गेले, आणि इथं कपिलची मती फिरली.

बोर्डापाशी कोणी थांबेना झालं. पोट्टे जाता जाता टोमणे मारायचे, "काय कपिलभाऊ, खडू संपला का? तेच नाव हाये!" फळी दर बाजारी तीच असेल तर पाहायचं कशाला? आणि खरं सांगायचं तर हप्त्यात चाळीस-चाळीस वेळा ते गाणं वाजवून तपासून देताना कपिलचे कान किटले होते. सातव्या बाजारी सकाळी वहीत लालीबाईच्या पुढे एकेचाळीस रेघा होत्या, दुसऱ्या गाण्यापुढे सव्वीस. कपिलनं फळी पुसली, सव्वीसवालं गाणं वर लिहिलं आणि लालीबाईचं थेट आठव्यावर टाकलं. एवढंसं तर काम! कोणाच्या घरात चोरी थोडीच केली होती?

दुपारी लालीबाई आली. वरच्या ओळीत दोन 'ल' नव्हते. तिनं बोटानं एकेक ओळ खाली मोजत नेली आणि आठव्या ओळीवर बोट थांबलं.

"उतरलं का भाऊ?"

"हाव मावशी," कपिल मान वर न करता म्हणाला. "असंच असते. गाणं म्हटलं का उतरतेच. लोकायचा कान भरते."

"हाव, भरणारच ना," ती म्हणाली आणि मिरची न घेताच निघून गेली.

त्या दिवशी बोर्डासमोर गर्दी झाली, आणि पुढच्या बाजारी वहीनं कपिलला दाखवलं की फळी काय करू शकते. एकेचाळीसच्या एकोणीस रेघा झाल्या. मग आठ, मग दोन. लोकांना वाटलं, गाणं जुनं झालं. जुनं झालेलं गाणं कोण मागतं! महिन्याभरात कपिलचं खोटं आपोआप खरं होऊन बसलं, आणि त्यानंही ते मनातून काढून टाकलं.

चैत्रात हिरासिंग लग्नाची पत्रिका घेऊन आला. बबिताचं जमलं होतं. पत्रिका देऊन तो स्टुलावर बसला आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "काय सांगू कपिलभाऊ, पोट्टीले ढावलो शिकवाचा हाये आन् ही बाई तोंडच उघडत नाई. म्हणते, लोकं कंटाळले माह्या आवाजाले, लग्नात कायले लोकायले तरास द्याचा. बबिताची काकी शिकवून राह्यली. पोट्टी रडते हो! म्हणते, याडीनं उत्तर नाई देल्लं तं मी कोणापाशी रडू?"

कपिलनं तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, आणि त्यांच्यासमोर, बोर्डावर मी खोटं लिहिलं, हे त्याच्या तोंडून निघेना. "पाहू, गाईन ना ऐन टायमाले," तो म्हणाला. स्वतःच्या त्या वाक्याची त्याला स्वतःलाच किळस आली.

घरी त्यानं सुरभीला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग मले सांगून काय होते? जा ना तांड्यावर. तिले सांगा."

लग्नाला सतरा दिवस होते. रोज सकाळी कपिल ठरवायचा, आज जायचं. एक दिवस माल आला. एक दिवस गाडीत पेट्रोल नव्हतं. एक दिवस ऊन फार होतं. अरे, नऊ किलोमीटर! माणूस बिडीसाठी एवढा जातो. जेवताना घास तोंडात फिरायचा, बाजारी बोर्ड लिहिताना खडू मोडायचा, पण गाडीला किक काही बसत नव्हती. शेवटी उजाडला तो लग्नाचाच दिवस.

तांड्यावर मांडव भरला होता. अक्षता पडल्या, जेवणावळी सुरू झाल्या. लालीबाई मांडवामागे पाण्याच्या ड्रमापाशी उभी राहून वाढणाऱ्यांना हाका मारत होती. कपिल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"जेवले का भाऊ तुमी? आधी जेवा."

"मावशी, एक बोलाचं होतं." "ते गाणं लोकायनं खाली नोतं टाकलं. मी टाकलं. त्या बाजारी एकेचाळीस जणायनं मांगतलं होतं तुमचं. दुसऱ्याचं सव्वीस जणायनं."

लालीबाईनं हातातला जग ड्रमावर ठेवला. "काहून मंग?"

"बोर्डाकडे कोणी पाहून नोतं राह्यलं. तेच नाव, तेच नाव."

"म्हणजे लोकं कंटाळले नोते?"

"नाई. मी कंटाळलो होतो. चूक झाली मावशी, लय मोठी चूक झाली. तुमी आज गा. लोकायचं काई नोतं, सारं माह्यंच होतं."

तिचा चेहरा बदलताना कपिलनं पाहिला. कपाळावरची आठी गेली. ती मांडवाकडे पाहायला लागली, जिथं बायका बबिताला घेऊन बसल्या होत्या. ओठ हलले, जणू चाल आठवत होती. मग तिनं सहज, अगदी सहज विचारलं, "आन् आता? या बाजारी कितीक जणायनं मांगतलं?"

आता काय बिघडलं असतं, सांगा! वीस म्हणायचं होतं. पंधरा म्हणायचं होतं. त्या बाईला वही वाचता येत नव्हती, आणि वाचता आली असती तरी ती तिथं कुठं होती? ज्या माणसानं कारण नसताना फळीवर खोटं लिहिलं, त्याच माणसाला कारण असताना एक शब्द खोटा बोलता आला नाही. खरं सांगायला आलोय, तर सगळं खरंच सांगायचं, असलं काहीतरी भूत त्या क्षणी त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"एकानंबी नाई, मावशी," तो म्हणाला.

आणि बोलल्याबरोबर त्याला कळलं आपण काय केलं ते. "पण ते मी खाली टाकलं म्हणून! लोकायनं बोर्ड पाह्यला म्हणून मांगतलं नाई," तो घाईघाईनं सांगायला लागला. लालीबाईनं जग उचलला.

"हाव, समजलं. उतरणारच होतं. तुमी जराक आधी लिवलं, एवढंच." ती रागावली नव्हती. रागावली असती तर कपिलला बरं वाटलं असतं. "जा, जेवून घ्या. वरण थंडं होऊन राह्यलं."

ऊन उतरल्यावर बबिताला निरोप द्यायला बाया उठल्या. ती काकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत रडली, बापाच्या गळ्यात पडून रडली. हिरासिंगला सावरायला दोन माणसं लागली. मग ती आईकडे आली. काकीनं शिकवलेल्या ओळी तिनं हुंदके देत म्हटल्या आणि थांबली. आईनं उत्तर द्यायची ती जागा होती. लालीबाईनं लेकीला घट्ट धरलं, पाठीवरून हात फिरवला, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण ओठ मिटलेले ते मिटलेलेच. बबिता थांबूनच होती. शेवटी मागून काकीनं ती ओळ उचलली.

कपिल एका खांबाला धरून उभा होता. त्याला वाटत होतं, आत्ता पुढं होऊन सगळ्यांसमोर ओरडून सांगावं. पण काय सांगणार होता?

गाडीत बसायच्या आधी बबितानं त्याला पाहिलं. डोळे पुसत ती त्याच्याकडे आली. "कपिलदादा, याडीचं गाणं हाये ना तुमच्याजवळ? माह्या मोबाईलमधी टाकून द्या. मले संगं न्याचं हाये."

त्यानं मोबाईल काढला. दोनदा भलतंच गाणं दाबलं गेलं. साडेतीन मिनिटांचं गाणं जायला अर्धं मिनिट लागलं.

"गेलं?" बबितानं विचारलं.

"गेलं," कपिल म्हणाला.

लेक आईचा आवाज मोबाईलमध्ये घेऊन गाडीत बसली, आणि आई तिच्यापासून हातभर अंतरावर तोंड मिटून उभी होती.