सिनेमातली गुणाबाई

खैरटोल्याच्या गुणाबाईला वेड होतं ते नाटकाचं. धान निघालं, चुरणं म्हणजे मळणी झाली की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. वडशाच्या नाटक मंडळ्या निघाल्या की गुणाबाई शेजारच्या बायनाबाईला घेऊन पायीच निघायची आणि मांडवात अगदी पुढे जाऊन बसायची. खलनायक नायिकेच्या अंगावर धावला की ती खालूनच त्याला दम भरायची. एका नटाने तर एकदा मधेच थांबून तिला हात जोडले होते. ती गोष्ट तिने पुढे कित्येक हिवाळे पुरवून पुरवून सांगितली.

बाकी तिचं आयुष्य चारचौघींसारखं होतं. थोडी धानाची बांधी, दोन बैल, वारलू नावाचा शांत नवरा. वारलू दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं गुणाबाई चूल पेटवता पेटवता बोलून टाकायची. उन्हाळ्यात मोहफुलं. गावामागे पहाडीच्या पायथ्याशी तिच्या वाट्याचा एक मोठा मोह होता. पहाटे फुलं गळली की टोपली घेऊन ती तिथे हजर असायची.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात श्रीहरी गावात आला तो याच मोहासाठी. नागपूरला त्याचं फोटोचं दुकान होतं. लग्नाचे फोटो काढून काढून कंटाळलेला हा पोरगेला माणूस ऐन लग्नसराईत दुकान भावावर टाकून आला होता. सोबत कुणाकडून तरी मागून आणलेला, चावी देऊन चालवायचा सिनेमाचा कॅमेरा. त्याला मोहफुलं खाणारं अस्वल पाहिजे होतं. गुणाबाईच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, त्याने पथारी टाकली. रात्री भाताच्या ताटावर बसला की उठायचं नाव घेत नसे, आणि अस्वलाचं नाव निघालं की मात्र त्याचा घास हातातच राहायचा.

गुणाबाईने वारलूकडून त्याला मचाण बांधून दिलं. दोन-तीन दिवस अस्वल फिरकलं नाही. मग एका पहाटे आलं ते मागच्या बाजूने, आणि थेट मचाणाखालीच फुरफुरायला लागलं. श्रीहरी घाबरून मचाणावरून वरच्या फांदीवर चढला. कॅमेरा गळ्यात, तो चालूच. त्यात आभाळ आलं, पानं आली, त्याचा स्वतःचा पाय आला. अस्वल तर त्या खडबडीनेच पळून गेलं होतं. पुढे कधीतरी लांबून ते त्याला नीट मिळालं, पण गावाने लक्षात ठेवलं ते फांदीवरचं.

निघायच्या आदल्या सकाळी त्याने गुणाबाईचं शूटिंग केलं. टोपली घेऊन चालत येताना, फुलं वेचताना. मग म्हणाला, खालच्या पाल्याला जरा जाळ लावता का, सकाळच्या उन्हात धूर फार छान दिसतो. गुणाबाईने आधी नाही म्हटलं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा वाळका पाला जाळायची इकडे रीतच होती, आणि तीही वर्षानुवर्षं जाळायची. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी तिने लावलेला जाळ वाऱ्याने पहाडीवर चढला होता. कोवळी झाडं गेली, गावातल्या देवाजीच्या तणसाची गंजी गेली, आणि गाव सगळं फांद्या घेऊन दिवसभर आगीला झोडत राहिलं. तेव्हापासून ती पाला झाडून काढायची, जाळायची नाही. श्रीहरीला तिने हे सांगितलं. तो म्हणाला, लहानसा लावा, लगेच विझवू. पाहुणा माणूस, इतक्या दुरून आलेला. तिने पाल्याचा एक ढीग केला, काडी लावली, धूर निघाला. त्याचं झाल्यावर तिने घागरभर पाणी ओतलं आणि ओल्या फांदीने उरलेलं झोडून काढलं. तेही त्याने टिपलं. मग तो नागपूरला गेला आणि गाव हे सगळं हळूहळू विसरत गेलं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सिंदेवाहीत वन्यजीवांच्या सिनेमांचा मेळा भरला. तो भरवला होता सत्यशीलाबाईंनी. त्या तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. वडील शेतमजूर, त्यांनी अर्धपोटी राहून हिला शिकवलेलं. एखादी गोष्ट मनात आली की ती केल्याशिवाय ही बाई झोपत नसे. वन्यजीव सप्ताहात भाषणं होतात आणि जंगलाकडेला राहणाऱ्या माणसाला कुणी बोलावत नाही, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी नागपूर, पुणे, अगदी दिल्लीच्या कुठल्याशा वकिलातीलाही पत्रं टाकली. पत्र्याच्या डब्यांतून रिळं रेल्वेने आली. श्रीहरीही आपला सिनेमा घेऊन येणार होता. सत्यशीलाबाईंनी बसच्या कंडक्टरकडून खैरटोल्याला निरोप धाडला की तुमच्या गुणाबाईचा सिनेमा लागतोय, सगळे या.

मग काय विचारता. गुणाबाईचं नाव गावात हिरोईन पडलं. तिने पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. वारलूनेही मिशा कातरल्या. त्याला कुणी विचारलं तर म्हणे, हिरोईनच्या घरचा आहो. बैलबंड्या जुंपून अर्धा गाव सिंदेवाहीला गेला.

शाळेच्या पटांगणात पांढरा पडदा ताणला होता. अंधार पडला तसा पहिला सिनेमा लागला, बर्फातल्या पक्ष्यांचा. दोन पायांवर चालणारे, काळा कोट घातल्यासारखे. खैरटोल्याची मंडळी आपसात ठरवत राहिली की हे पक्षी की वकील. मग हत्ती झाले, मग पाणकोंबड्या. प्रत्येक रीळ बदलताना कुणीतरी मागून विचारायचं, आमची हिरोईन कधी? शेवटी सत्यशीलाबाईंनी सांगितलं की ती उद्या आहे. गाव दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बंड्या जुंपून हजर.

श्रीहरीच्या सिनेमाला आवाज नव्हता. त्याने निवेदन कॅसेटवर भरून आणलं होतं. रीळ सुरू झालं की शेजारी टेपरेकॉर्डर सुरू करायचा. पडद्यावर मोहाचं झाड आलं, आणि त्याखालून टोपली घेऊन गुणाबाई आली. पटांगणात एकच गलका उठला. वारलू उभाच राहिला. त्याला ओढून खाली बसवावं लागलं. गुणाबाईने पदराने तोंड झाकलं आणि पदराआडून पाहत राहिली.

पडद्यावरच्या गुणाबाईने पाल्याला काडी लावली. धूर खरंच छान दिसत होता. आणि टेपमधला भारदस्त आवाज म्हणाला, "जंगलाचा शत्रू दूर कुठे नसतो. तो रोज पहाटे टोपली घेऊन जंगलात शिरतो." त्यानंतर जळालेली पहाडी दिसली, ती कुठली कोण जाणे. मग काळी पडलेली खोडं, आणि फुलं खाऊन पळणारं अस्वल.

गलका थांबला. लांबच्या कुठल्या गावचं कुणीतरी हसलं. बाजूला खुर्चीवर बसलेला जंगलचा गार्ड मान वळवून खैरटोल्याच्या माणसांकडे पाहू लागला. गुणाबाई सिनेमा संपेपर्यंत जागची हलली नाही. दिवे लागल्यावर ती उठली आणि टेपरेकॉर्डर आवरणाऱ्या श्रीहरीसमोर जाऊन उभी राहिली.

"जाळ लावाले कोणं सांगतलं होतं, बाबू?" ती हळूच म्हणाली.

श्रीहरीने वर पाहिलं नाही. "मीच सांगतलं होतं, बाई."

"अन् मी विझवला तो कुठी गेला?"

श्रीहरीने टेपची वायर गुंडाळायला घेतली. ती तशीच वळून बंडीत जाऊन बसली. हेच गावाला जास्त लागलं. गुणाबाईला भांडताना सगळ्यांनी पाहिलं होतं. गप्प बसलेली कुणीच पाहिली नव्हती. परतीच्या बंडीत बायनाबाईने गार्ड आता केस करतो का म्हणून धास्ती घातली. वारलूला आपण काहीतरी बोललं पाहिजे असं वाटलं. तो म्हणाला, "पण चेहरा चांगला दिसला तुहा." गुणाबाईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने गाव येईपर्यंत बैलांशीच बोलणं पसंत केलं.

सकाळी श्रीहरी सायकल मारत खैरटोल्याला आला. मागे कॅरिअरवर सत्यशीलाबाई. मुरमाच्या रस्त्याने दोघेही लाल झाले होते. श्रीहरीने सपरीच्या खालीच उभं राहून सगळं कबूल केलं. नागपूरला सिनेमा दाखवला तेव्हा लोक म्हणाले, यात काही घडत नाही, नुसतं अस्वल आणि बाई आहे. म्हणून त्याने दुसरीकडची जळालेली पहाडी जोडून आग मोठी केली आणि विझवणं कापून टाकलं. सत्यशीलाबाई म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे, लावण्याआधी त्यांनी पाहायला हवा होता. रीळ परत देते, पुन्हा लागणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

गुणाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"परत काऊन देता?" ती म्हणाली. "आज पुन्हा लावा. फक्त तो टेपवाला बंद ठेवा. बोलाचं ते मी बोलतो."

मग तिने दोघांना जेवायला बसवलं. श्रीहरी संकोचाने कमी जेवत होता, तर तिने त्याच्या ताटात न विचारता भात वाढला.

त्या संध्याकाळी शेवटचा सिनेमा तिचाच लावला. बातमी पसरली होती, त्यामुळे पटांगणात मावेनात एवढी माणसं. सत्यशीलाबाईंनी माइक तिच्या हातात दिला आणि दिवे गेले. झाड आलं, टोपली आली, आणि गुणाबाईच्या तोंडून शब्द फुटेना. नटांना खालून दम भरणारी बाई, पण माइकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात पडद्यावर आभाळ, पानं आणि श्रीहरीचा पाय आला. तो तुकडा त्याने मोहाच्या फांद्या म्हणून ठेवला होता.

"हा पाय याचा होय," गुणाबाई म्हणाली. "अस्वल खाली, अन् हा वर."

पटांगण हसलं आणि तिची जीभ सुटली. अस्वल पळालं कसं, फांदीवरून याला उतरवायला वारलूला शिडी कशी आणावी लागली, हा किती भात खायचा, सगळं तिने सांगितलं. श्रीहरी प्रोजेक्टरशेजारी बसून स्वतःही हसत होता. मग काडी लागली, धूर वर चढला. तिचा आवाज जरा खाली आला.

"हा जाळ मीच लावला. यानं लावाले सांगतला म्हणून लावला, अन् विझवला बी. विझवलेला तुमाले दिसणार नाई, तो यानं काटला. पण त्याच्या आंधी जे लावत होतो ना, ते कोणी सांगतलं नव्हतं. ते आमीच लावत होतो. एक डाव पहाडी जळली आमच्यानं. देवाजीभाऊची गंजी बी गेली. म्हणून मी आता झाडून घेतो. कंबर दुखते, पण झाडून घेतो."

देवाजी तिथेच बसला होता. त्याने मान हलवून दुजोरा दिला. जळालेली पहाडी आली तेव्हा गुणाबाई म्हणाली, ही आमची पहाडी नोहे, ही कोणाची ते याले इचारा. अस्वल आलं तेव्हा ते फुलं खात होतं तेवढा वेळ तिने सगळ्यांना ते नुसतं पाहू दिलं. सिनेमा संपल्यावर गार्ड उठून तिच्याकडे आला. बायनाबाई लगबगीने तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. पण तो एवढंच म्हणाला की उन्हाळ्यात आमच्या नाक्यावरच्या गावात येऊन असंच बोलाल का. गुणाबाईने विचार करून सांगते म्हटलं, आणि मग कितीतरी दिवस ते सगळ्यांना सांगत फिरली.

श्रीहरीने तिचं बोलणं कॅसेटवर भरून घेतलं. विझवण्याचा तुकडा त्याच्याकडे होता, तोही त्याने परत जोडला. सिनेमाला बक्षीस कुठे मिळालं नाही. पण तो गावोगाव फिरला, आणि जिथे जाई तिथे फांदीवरच्या पायाला हमखास हशा मिळे. पुढच्या उन्हाळ्यात खैरटोल्याच्या काही बायांनी खराटे हाती घेतले. बायनाबाईने घेतला नाही. कंबर तिचीही दुखत होती, आणि ती म्हणे, मी काही सिनेमात नाही. गुणाबाई तिच्याशी पावसाळाभर अबोला धरून होती. मग हिवाळा आला, नाटकं लागली, आणि सोबत जायला दुसरं कोण होतं?

श्रीहरी पुढेही येत राहिला. कधी मोरांसाठी, कधी रानकुत्र्यांसाठी. गुणाबाईने त्याला एकच अट घातली होती. नागपूरला दाखवण्याआधी सिनेमा तिच्या अंगणात दाखवायचा. ग्रामपंचायतीतून वायर ओढून आणायची, वारलूचं धुतलेलं धोतर भिंतीला बांधायचं आणि सगळी आळी जमायची. मोरांच्या सिनेमात आळीने सांगितलं की मोर जास्त झाले आणि गावातल्या बायका कमी. देवाजीचं म्हणणं पडलं की आपली बांधी दाखवली ती दुरून बरी दिसते, जवळून नको. श्रीहरी वहीत काही लिहून घ्यायचा आणि काही नुसतं ऐकून घ्यायचा. वारलू बहुतेक वेळा पहिल्या रिळालाच झोपून जायचा, आणि उठल्यावर सिनेमा चांगला होता असं मनापासून सांगायचा.