स्वतःच्याच दारावर टकटक

त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलात मी खोल्या आवरते. नोकरीत सुख आहे, उगाच नाही म्हणणार नाही. जेवण तिथलंच, आणि पितरांची पूजा करून आलेली माणसं फारशी कटकट करत नाहीत. जाच एकच. रिकाम्या खोलीचंही दार वाजवायचं, "हाऊसकीपिंग" म्हणायचं, थांबायचं आणि मगच उघडायचं.

ही खोड घरी आली. मी एकटी राहते, तरी कुलूप काढण्याआधी दार वाजवायचे. शेजारीण हसायची.

परवा दुपारी असंच वाजवलं. आतून शांतपणे कोणीतरी म्हणालं, "नंतर या."

मी सवयीने "बरं, सर" म्हणाले आणि जिना उतरले. खाली आल्यावर हातातल्या किल्लीकडे लक्ष गेलं.

दार मी अजूनही वाजवते. आता उत्तराची वाट बघते.