बसलेला आवाज

"बसलाय न्हवं? मग उठंल की!"

‘आवाज बसलाय’ असं मी कसंबसं कुजबुजलो, त्यावर डॉक्टर एवढंच बोलले आणि स्वतःच्याच विनोदावर टेबल बडवून हसले. मला राग आला. पण रागावून बोलायला आवाज कुठे होता?

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात एका चहाच्या हॉटेलावरच्या खोलीत ते संमोहनाने उपचार करत. संमोहन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लांब दाढी आणि रोखलेली नजर येत असेल. आमचे डॉक्टर गोल गरगरीत, हाफ शर्टातले. खालच्या हॉटेलमालकाला चहा सांगायला त्यांना जिना उतरावा लागत नसे, नुसतं बोललं तरी पुरे.

सुरुवातीला ते पुस्तकातल्या भाषेत संमोहन करायचे. "आपल्या पापण्या जड होत आहेत," म्हटलं की समोरचा टक्क डोळे उघडायचा. "न्हाय वो डॉक्टर, हलक्याच हायत!" बिद्रीच्या एका पावण्यांना त्यांनी डोळे मिटून समुद्रकिनारी नेलं, हळूहळू पाण्यात उतरवलं. पावणं घामाघूम होऊन उठलं. "मला पवाय येत न्हाय!"

त्या दिवसापासून समुद्र बंद. "गुऱ्हाळाशेजारी बसलाय. चुलवाणाची ऊब लागाय लागलीया. गुळाचा वास येतोय..." एवढ्यावर माणूस घोरू लागे. पुष्कळदा पेशंटच्या आधी त्याच्यासोबत आलेला.

"मन गप बसलं की अंग बोलाय लागतंय," ते म्हणत. "कुणाचं पोट बोलतंय, कुणाची पाठ."

माझा घसा मात्र बोलायचाच थांबला होता. थोरला भाऊ गेला, त्यानंतर आठवड्याभरात आवाज गेला. घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. घसा स्वच्छ होता. मी शाळेत मराठी शिकवायचो. कविता फळ्यावर लिहून दाखवायचो, पण म्हणणार कोण? हेडमास्तर रोज काळजीने विचारत, "अजून किती दिवस, सर?" शिकवण्यापलीकडे मला दुसरं काही येत नव्हतं.

डॉक्टरांनी मलाही गुऱ्हाळाशेजारी बसवलं. अंग सैल झालं. मग ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमचा आवाज बसलाय न्हवं? कुठं बसलाय, बघा की."

आणि मला खरंच दिसलं. दवाखान्याच्या व्हरांड्यातला बाक. आतल्या खोलीत भाऊ होता, तेव्हा मी रात्रंदिवस तिथेच बसलो होतो.

"कुणाची वाट बघतोय त्यो?"

"दादाची," मी कुजबुजलो.

"दादा भाईर येणार न्हाय, मास्तर. हात द्या त्येला. घरला न्या."

मी हात पुढे केला असावा, कारण डॉक्टरांनी तो धरला. मग माझ्या तोंडून जो आवाज फुटला, तो माझा मलाच ओळखू आला नाही. भाऊ गेल्यावर मी रडलोच नव्हतो. ते सगळं एकदम बाहेर आलं. खाली कपबशा वाजायच्या थांबल्या.

"डॉक्टर, काय झालं वो?" हॉटेलमालक जिन्यातूनच ओरडले.

"काय न्हाय! मास्तर उठलं! दोन चहा द्या लावून!"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी कविता म्हटली. आवाज चिरका होता, पण पोरांनी बाकं बडवली. पुढे कितीतरी वर्षं रस्त्यात भेट झाली की डॉक्टर पलीकडच्या फुटपाथवरून विचारत, "मास्तर, उभा हाय न्हवं?" लोक माझ्या पायांकडे बघत.

डॉक्टर गेले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. पहिल्या वाक्यालाच आवाज बसला. तेवढ्यात मागून हॉटेलमालकांचा आवाज आला, "मास्तर, बसलाय न्हवं? उठंल की!"

सगळी सभा हसली. पहिल्या रांगेत डॉक्टरांच्या पत्नी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि त्याच पदराने डोळे पुसत होत्या. मी माईक बाजूला सारला आणि डॉक्टरांसारखं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं, बोलायला लागलो.