न धुतलेली ओढणी

पालिकेच्या योजनेत मी घरीच लेकरं सांभाळते. त्यातलं सगळ्यात धाकटं, सविताचं, आल्यापासून दुपारी झोपेचना. सविता कारखान्यात नवीन लागलेली. सकाळी दारातच म्हणाली, "मावशी, आजही रडत राहिला तर मी काम सोडते."

"त्याच्या अंथरुणात तुझं काय देतेस?"

"माझी ओढणी. रोज साबणाने धुऊन देते. पालिकेच्या बाई तपासायला येतात ना!"

"बाई झोपणार आहेत का तिच्यावर? गळ्यातली दे."

"घामाची आहे हो."

"म्हणूनच दे."

लाजत तिने दिली. दुपारी पोराने त्या ओढणीत नाक खुपसलं, थोडं कुरकुरलं आणि झोपलं. अंगाचा वास आपण जन्मभर घासून काढतो, आणि ज्याला आपण हवे असतो त्याला नेमका तोच हवा असतो.

संध्याकाळी सविताने आल्या आल्या विचारलं, "झोपला?"

"घोरला. उद्या वेळेवर कामाला जा."

पोर तिच्याकडे झेपावलं, पण माझा पदर मुठीत धरूनच. तिने तो सोडवला. लसूण, खोबरेल, तपकीर, माझा कशाचा वास येतो कोण जाणे. ते लुगडं मी दुसऱ्या दिवशीही नेसले.